गोल भोकातले चौकोनी घर

एप्रिलमध्ये आमची असल्फ्याची खोली रिकामी केली. चाळ पाडून तिथे इमारत उभी राहायची आहे, तोवर आम्ही भाड्याच्या घरात. सामान काढताना पलंगाखालून अब्बांची पत्र्याची पेटी निघाली. भंगारवाला दारात उभाच होता. त्याने पेटी उचलून हातानेच वजन केले आणि म्हणाला, "चार किलो होईल, सर."

पेटीत होते ते असे. एक हातभर लांबीचा जाड लोखंडी दांडा, त्याच्या टोकाजवळ आरपार चौकोनी भोक. करवतीसारखे चारच दात असलेली एक पोलादी पट्टी. एका बाजूने खाच असलेली बिडाची तीन-चार गोल बुशे. आणि तेलकट कागदात गुंडाळलेली दाढीच्या ब्लेडची पुडी. बायकोने विचारले, ही ब्लेडे कशाला जपून ठेवली होती?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बीएड झालेला माणूस. मायक्रोमीटर हातात धरून आता वीस वर्षे झाली असतील. पण ती ब्लेडे कशासाठी होती हे मला बरोबर ठाऊक होते. भंगारवाल्याला बाकी सगळे दिले, पेटी परत आत घेतली. तिच्यातल्या हत्यारांना एक इतिहास आहे, आणि तो मँचेस्टरपासून खैरानी रोडपर्यंत येतो. तो कुठे सलग लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, म्हणून जमेल तसा इथे मांडतो.

आधी ज्यांनी कधी वर्कशॉप पाहिले नाही त्यांच्यासाठी. तुमच्या गल्लीतली पिठाची गिरणी आठवा. मोटरच्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, एक पुली बसवलेली असते आणि तिच्यावरून पट्टा फिरतो. शाफ्ट गोल, पुलीचे भोकही गोल. मग शाफ्ट आतल्या आत फिरत राहिला आणि पुली जागची हललीच नाही, असे का होत नाही? कारण शाफ्टवर एक लांबट खाच असते, तिच्या समोर पुलीच्या भोकात तशीच खाच असते, आणि दोन्ही खाचांत मिळून पोलादाचा एक चौकोनी तुकडा बसवलेला असतो. या तुकड्याला चावी म्हणतात. खाचेला आयटीआयच्या मराठी पुस्तकांत 'चावीगाळा' म्हणतात, गाळ्यावर नुसतेच 'की-वे' किंवा 'स्लॉट'. सगळी ताकद त्या बोटाएवढ्या तुकड्यातून जाते. मशीन अडकलेच तर आधी चावी तुटावी आणि महागडा शाफ्ट वाचावा, असाही हिशेब त्यात असतो.

भाषेचा शिक्षक असल्याने इथे थोडे रेंगाळतो. 'चावी' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या 'शावे'वरून आला. 'मिस्त्री' हाही त्यांच्याच 'मेस्त्रे'वरून. लेथला आमच्या घरात 'खराद' म्हणत, तो शब्द अरबीतल्या 'खर्रात'शी, म्हणजे कातकाम करणाऱ्याशी, नाते सांगतो. मराठीत त्यालाच 'कातारी' म्हणत. 'गाळा' अस्सल मराठी: दोन गोष्टींमधली मोकळी जागा. मुंबईत छोट्या कारखान्याच्या खोलीलाही गाळाच म्हणतात. म्हणजे अब्बा गाळ्यात बसून गाळा कापत. पोर्तुगीज, अरबी, मराठी, इंग्रजी असे चार शब्द एका पुलीवर गोळा होतात, आणि ते तिथे कोणत्या भाषा परिषदेने नेऊन ठेवलेले नाहीत.

आता अडचण. अब्बा म्हणायचे, "खराद गोल जानता है, चौकोर नहीं." लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर असते, त्यामुळे जे निघेल ते गोलच. शाफ्टवरची बाहेरची खाच एकवेळ हाताने काढता येते: ड्रिलने ओळीत भोके पाडा, मधला भाग छन्नीने उडवा, कानशीने साफ करा. पण पुलीच्या पंचवीस मिलिमीटरच्या भोकात आतून, एका बाजूला, आठ मिलिमीटर रुंद, सरळ कडांची खाच कशी कापणार? आत छन्नी नीट बसत नाही, कानस हलवायला जागा नाही. आणि खाच तिरकी गेली तर चावी एका कडेवर चेपते, महिनाभरात ढिली होते, पुली खडखडायला लागते, आणि गिऱ्हाईक पुली घेऊन दारात.

हा प्रश्न जगात सगळ्यांनाच पडला होता. वाफेच्या इंजिनांच्या सुरुवातीच्या काळात बिडाची मोठी चक्रे शाफ्टवर बसवायची तर चारही बाजूंनी पाचरी ठोकून, ठाकून-ठोकून मध्यावर आणत. चावीगाळे छन्नी आणि कानशीने कोरत, आणि त्यात तरबेज माणसाचा भाव मोठा असे. पुढे १८२० च्या दशकात मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्सने खाचा पाडणारे यंत्र आणले. त्याची मूळ कल्पना पोर्ट्समथच्या गोदीतल्या यंत्रांची. तिथे जहाजांच्या लाकडी कप्प्यांना भोके पाडायला मार्क ब्रुनेलने वर-खाली चालणाऱ्या पटाशीची यंत्रे योजली होती आणि हेन्री मॉडस्लेने ती बनवून दिली होती. रॉबर्ट्सने तेच लोखंडासाठी केले. त्याला आपण आज स्लॉटिंग मशीन म्हणतो. १८३६ मध्ये जेम्स नॅस्मिथनेही चाके आणि पट्ट्याच्या पुल्या यांत चावीगाळे पाडायचे यंत्र केले, पुली कितीही मोठी असली तरी चालणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रोच आला: एकाच पट्टीवर एकापेक्षा एक किंचित उंच दात, पट्टी भोकातून एकदा आरपार ढकलली की खाच तयार. ब्रोचचा जन्मच मुळी पुल्या आणि दातेरी चाकांच्या चावीगाळ्यांसाठी झाला. अब्बांच्या पेटीतली चार दातांची पट्टी ही त्या घराण्यातली.

या रॉबर्ट्सची मुंबईशी आणखी एक गाठ आहे. सूत कातणारा स्वयंचलित म्यूल त्याचाच, १८२५ च्या पेटंटचा. लँकेशायरच्या गिरण्या ज्या यंत्रांवर वाढल्या, त्यांच्याच वंशातली यंत्रे पुढे जहाजातून मुंबईला उतरली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये इथली पहिली कापडगिरणी कंपनी काढली आणि दोन वर्षांनी सूत निघू लागले. त्या गिरण्यांत छताखालून लांबच लांब शाफ्ट जात, त्यांवर पुल्या, प्रत्येक पुलीला चावी. मदनपुऱ्यातले मोमीन विणकर कापडाच्या इतिहासात थोडेफार तरी भेटतात. त्याच गिरणीच्या मेकॅनिक खात्यात चाव्या ठोकणारा फिटर मात्र कुठेच भेटत नाही.

त्याही आधी मुंबईत घरच्या घरी लोखंडाचे काम करणारा एक माणूस होऊन गेला. अर्देशीर कर्सेटजी वाडिया, जन्म १८०८, जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातले. घराण्याचा हात लाकडावर बसलेला, यांचे मन मात्र वाफेवर. १८३३ मध्ये त्यांनी एक अश्वशक्तीचे छोटे इंजिन बनवले. राहत्या घरी छोटी भट्टी घालून जहाजांसाठी पाण्याच्या लोखंडी टाक्या केल्या. १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावून दाखवले. १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले आणि मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता. हाताखाली गोरे कामगार असलेला हिंदी साहेब, हे तेव्हा ऐकिवात नसलेले. त्या एक अश्वशक्तीच्या इंजिनालाही गतिचक्र असणारच. ते शाफ्टवर पक्के बसवताना छन्नी आणि कानस यांपलीकडे त्यांच्या हाताशी फार काही असेल असे मला वाटत नाही.

अर्देशीरांच्या पाठीशी घराणे होते आणि बंगला होता. मराठी वाचकाला याहून जवळचा माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. व्हीजेटीआयमध्ये शिकवताना डावलले गेले म्हणून नोकरी सोडली, बेळगावात सायकलीचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. ही कथा आपण वर्गात सांगतो आणि सांगायलाच हवी. मी स्वतः दरवर्षी सांगतो. पण उद्योगाचा इतिहास म्हणजे ज्यांचा कारखाना झाला त्यांचाच इतिहास, असे मुलांच्या मनात त्यातून ठसते, हेही मला दिसते. ज्यांचा कारखाना कधी झालाच नाही, एका लेथवर आयुष्य गेले, त्यांचे काय?

मुंबईत अशा लोकांची वस्ती उपनगरांत झाली. गिरण्या लालबाग-परळच्या बाजूला, तर इंजिनिअरिंगचे कारखाने कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आग्रा रोडच्या आजूबाजूला, ज्याला आज लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला, मुकंदचे पोलाद कुर्ल्याला, गोदरेज विक्रोळीला, भांडुपला गेस्ट कीन विल्यम्स. पश्चिमेकडे अंधेरीला मरोळची औद्योगिक वसाहत. मोठ्या कारखान्यांच्या सावलीत गाळे उगवले: साकीनाका, खैरानी रोड, जरीमरी, कुर्ल्याचा बैलबाजार. मोठ्या कारखान्याला लागणारे बुश, पिना, कप्लिंग इथे बनत. उत्तर प्रदेशातले खरादी, कोकणातले फिटर, सातारा-कोल्हापूरचे आमच्यासारखे, सगळे इथे. हत्यारे घ्यायची तर नागदेवी स्ट्रीट, बोहरा व्यापाऱ्यांच्या दुकानांत. नवीन परवडत नसेल तर कुर्ल्याचे भंगार.

यातले बरेचसे कोणत्याही दफ्तरात नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात वीज वापरून दहा कामगार असतील तरच त्या जागेला कारखाना म्हणत. चार माणसांचा गाळा त्यात बसत नसे, आणि घरात एक लेथ ठेवून बाप-लेकाने काम केले तर ते सरकारच्या लेखी घडलेच नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमान मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आणि घरबसल्या कामांत आहेत असे नोंदवले. अहवाल महत्त्वाचाच आहे. पण त्यात 'स्वयंरोजगार' म्हणून जो माणूस मोजला गेला, त्याच्या हातात काय कसब होते ते आकड्यांतून कळत नाही.

अब्बा आयटीआयचे नव्हते. साताऱ्याहून सतराव्या वर्षी आले, उस्तादाच्या हाताखाली राहिले, मग एका कंपनीत टर्नर झाले. १९८२ च्या गिरणी संपानंतरची ती वर्षे इंजिनिअरिंग कारखान्यांतही संप आणि टाळेबंदीची होती. १९८५ मध्ये त्यांची कंपनी बंद पडली. हिशेबाचे जे मिळाले त्यातून त्यांनी बटाल्याची साडेचार फुटी जुनी लेथ घेतली आणि आमच्या दहा बाय पंधराच्या खोलीत, दरवाजाच्या आत, उजव्या हाताला बसवली. तळमजला होता म्हणून निभावले. अम्मीचा स्टोव्ह डावीकडे सरकला. मोटर एक अश्वशक्तीची, घरगुती वीज सोसेल एवढी.

पुल्या मिळू लागल्या. बीड कातून, भोक पाडून पुली तयार व्हायची, पण चावीगाळ्यासाठी ती दुसऱ्याच्या स्लॉटिंग मशीनवर न्यावी लागे. तिथे मोठ्या गिऱ्हाइकांचे काम आधी. एका पुलीसाठी अब्बा दोन-दोन दिवस खेपा घालायचे, आणि मजुरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका खाचेत जायचा. स्लॉटिंग मशीन घ्यायला पैसा नव्हता. असता तरी ठेवले कुठे असते, अम्मीचा स्टोव्ह आणखी कुठे सरकला असता?

म्हणून तो दांडा. मला वाटते १९८८ ची गोष्ट. मोटारीच्या भंगारातून एक जाड ॲक्सल आणला, कातून सरळ केला, टोकाजवळ आरपार भोक पाडून कानशीने ते चौकोनी केले. त्यात हायस्पीड स्टीलचा टूल बिट, वरून स्क्रूने आवळलेला. बिटची धार घासून बरोबर आठ मिलिमीटर रुंद. हा दांडा लेथच्या टूलपोस्टात आडवा धरायचा, पुली चकमध्ये. मोटर बंद. बॅकगिअर आणि सरळ गिअर दोन्ही एकदम गुंतवले की स्पिंडल जागीच जखडतो. मग कॅरेजचे चाक हाताने फिरवून दांडा पुलीच्या भोकातून पुढे न्यायचा, मागे आणायचा. दर फेरीला क्रॉस-स्लाइड दोन थाऊ बाहेर काढायची, म्हणजे इंचाचे दोन हजारावे भाग, ०.०५ मिलिमीटर. आवाज फक्त बिडाच्या खरखरीचा. दिवसा मोटरवर कातकाम, रात्री शेजारी झोपल्यावर चावीगाळे, असे आमच्या घराचे वेळापत्रक झाले.

पंचवीसच्या शाफ्टला आठ बाय सातची चावी लागते. भारतीय मानक आयएस २०४८ मध्येही हेच आहे. अब्बांना तो क्रमांक ठाऊक नव्हता, त्यांचा हिशेब 'शाफ्टचा चौथा हिस्सा आणि थोडे जास्त' असा. सातपैकी चार मिलिमीटर शाफ्टमध्ये आणि पुलीत ३.३ मिलिमीटरची खाच. वर थोडी फट राहते, चावी बाजूंनी घट्ट बसली पाहिजे. ३.३ ला ०.०५ ने भागले की सहासष्ट. मी पाचवीत होतो, भागाकार नवाच शिकलो होतो. मी ऐटीत सांगितले, अब्बा, सहासष्ट फेऱ्या. ते हसले आणि मोजायला लावले. एकोणऐंशी भरल्या. का, ते मला पुढे कळले. भोक गोल आणि बिट सपाट, त्यामुळे बिटचे दोन कोपरे आधी टेकतात. मधला भाग तेव्हा भिंतीपासून दोन तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास दूर असतो. तेवढ्या फेऱ्या वाढल्या. त्यांनी हे सूत्राने सोडवले नव्हते. त्यांना ते हाताला माहीत होते. खाच पूर्ण झाल्याची खूण म्हणून ते भोकाच्या समोरच्या भिंतीपासून खाचेच्या तळापर्यंत मोजत: २८.३ आले की बस.

पहिली पुली फुटली होती हेही सांगायला हवे. दांडा बारीक होता आणि बिट पुढे फार निघालेला. तो आत रुतला, अब्बांनी चाक दाबले, आणि बिडाच्या हबला तडा गेला. गिऱ्हाइकाची पुली भरून द्यावी लागली. त्यानंतर दांडा जाड झाला, बिटची धार बोथट कोनात घासली गेली, आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे त्यांनी हत्यार उलटे बसवले. ढकलताना दांडा वाकू पाहतो, ओढताना ताणला जातो. म्हणून कापायचे ते ओढताना. कंपनीतला त्यांचा जोडीदार, एक मालवणी फिटर, भांडुपला राहायचा. तो आला की म्हणायचा, "मिस्त्री, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" अब्बा म्हणायचे, "तुटलेल्या पुलीने."

पण कॅरेजच्या चाकावर इतका जोर दिला की आतल्या रॅकचे दात झिजतात. लेथ खराब झाली तर चूल बंद. म्हणून चार दातांची पट्टी. जुनी मोठी कानस निखाऱ्यात लाल करून राखेत रात्रभर पुरून ठेवली. सकाळी ती मऊ झालेली. तिच्यातून दात कोरले. मग परत तापवली. किती तापवायची? लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत. तेव्हा पोलाद साधारण पावणेआठशे अंशांवर असते. तशीच तेलात बुडवली. आता ती काचेसारखी कडक, ठेच लागली तर तुटेल. म्हणून घासून चकाकवून मंद आचेवर धरली आणि गवती पिवळा रंग चढताच काढली. यालाच मराठीत पाणी देणे म्हणतात. उर्दूतही हत्याराच्या धारेला 'आब' म्हणतात, 'आबदार' तलवार म्हणजे पाणीदार. वर्गात हे दोन शब्द मी शेजारी शेजारी फळ्यावर लिहितो, पण कुठून शिकलो ते कधी सांगितले नव्हते.

आता ब्लेडांचा खुलासा. खाचेचे बुश पुलीच्या भोकात घालायचे, बुशच्या खाचेत पट्टी, आणि जॅकने पट्टी खाली दाबत आरपार न्यायची. मोटारीखाली लावतात तो हायड्रॉलिक जॅक, लोखंडी चौकटीत बसवलेला. एकदा गेली की थोडी खाच पडली. मग पट्टीच्या पाठीमागे एक ब्लेड घालायचे. दाढीचे ब्लेड एक दशांश मिलिमीटर जाड असते, ठरलेले. तेवढी पट्टी पुढे सरकली, पुन्हा दाबायचे. पुन्हा एक ब्लेड. पाच-सहा ब्लेडे झाली की त्यांच्या जागी एक जाड पत्री. नागदेवीला मापाच्या पत्र्या मिळत, पण त्याला पैसे पडत. ब्लेडे न्हाव्याकडून फुकट. बिडाला तेल लागत नाही, पोलादाला लागते. जुन्या विलायती वर्कशॉपांत यासाठी डुकराच्या चरबीचे तेल वापरत. आमच्याकडे खोबरेल, आणि अम्मीची बोलणी. चावी कुठे अडते ते पाहायला निळा रंग लावतात, त्याऐवजी तिच्याच चिमणीची काजळी.

एका रमजानात तरावीहनंतर मी चाक फिरवायला बसलो आणि सहरीपर्यंत अकरा पुल्या झाल्या. हाताला फोड आले होते. शाळेत मी ते लपवले. दहावीच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारला तेव्हा मी 'खासगी नोकरी' लिहिले. अब्बांनी सही केली, वाचले असणारच, काही बोलले नाहीत.

जानेवारी १९९३ मध्ये आम्ही तीन आठवडे गावी होतो. सातशे किलोची लेथ कुठे नेणार? संचारबंदी थोडी सैल झालेल्या एका दुपारी तो मालवणी फिटर सायकलवर भांडुपहून आला आणि ही पेटी घेऊन गेला. अब्बा म्हणत होते, चक काढून देतो, मोटर काढून देतो. तो म्हणाला, "चक नागदेवीला मिळेल, मिस्त्री. हे नाही मिळणार." पेटी त्याच्या देव्हाऱ्याखाली राहिली. आमची लेथ वाचली. पुढच्या गल्लीतल्या दोन वाचल्या नाहीत. त्यांपैकी एक मिस्त्री नंतर रिक्षा चालवू लागला. त्याला गिअर कातता येत असत.

अब्बांनी लेथ विकली ती २००६ मध्ये. आदल्या वर्षीच्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी कुर्ला-साकीनाक्याच्या गाळ्यांत शिरली. आमची खोली थोडी उंचावर, पण त्यांना काम देणारे गाळे छातीभर पाण्यात गेले होते आणि त्यांतले अनेक पुन्हा उघडलेच नाहीत. प्रीमियर पद्मिनीही त्याआधीच बंद झाली होती; तिचे सुटे भाग हे त्या गल्ल्यांचे निम्मे काम. आज तिथून मेट्रो जाते, असल्फा आणि साकीनाका अशी स्थानकेही आहेत, आणि चावीगाळे वायरकट मशीनवर संगणकाच्या हिशेबाने कापले जातात. ते अब्बांपेक्षा अचूक असतात, यात वाद नाही.

आता मनातले बोलतो. आपल्या जलशांत, व्हॉट्सॲपवर, मुस्लिम विज्ञानाचा विषय निघाला की अल-जझरीचे नाव येते. बाराशे सहा सालचा त्याचा यंत्रांचा ग्रंथ खरेच थोर आहे; पाणी उपसणारी यंत्रे, त्यांत क्रँक. आणि त्याची मला आवडणारी गोष्ट अशी की तो स्वतः कारागीर होता, आपण काय बनवले आणि कसे, हे मापांसह सांगतो. पण आपण त्याचे नाव घेतो ते अभिमानासाठी. खैरानी रोडवर त्याच जातकुळीचा माणूस बसलेला असतो, त्याच्याकडे आपण मुलगा शिकला नाही तर काय होईल याचे उदाहरण म्हणून बोट दाखवतो. बाहेरचे लोक 'पंक्चरवाले' म्हणून हिणवतात तेव्हा आपल्याला झोंबते. का झोंबते? कारण हाताच्या कामाबद्दल आपलेही मत फारसे वेगळे नसते. मी फॉर्मवर 'खासगी नोकरी' लिहिले ते कोणी हिणवले म्हणून नव्हते.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर ती पेटी मी नववीच्या वर्गात नेली. घरातले, गल्लीतले हत्यारांचे शब्द गोळा करून आणा, उर्दू आणि मराठी दोन्ही, असा स्वाध्याय दिला. सव्वाशेच्या वर शब्द आले. कानसेला रेती, सांडशीला संसी, खाचेला घर. हो, खाचेला 'घर'. एका मुलाने लिहिले होते: चाबी का घर. त्याचे वडील साकीनाक्याला एका गाळ्यात टर्नर आहेत. दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या फाटकाशी उभे, मला वाटले तक्रार आहे. त्यांनी दांडा पाहायला मागितला. हातात घेऊन बिटची दिशा पाहिली, अंगठा धारेवरून फिरवला आणि म्हणाले, "ये खींच के काटता है."

मग थोडे घुटमळून त्यांनी विचारले की आठवडाभर मिळेल का. त्यांच्या शेठचे स्लॉटिंग मशीन बंद आहे आणि एका शिलाई कारखान्याच्या सहा पुल्या अडल्या आहेत. पट्टी आणि बुशेही नेली, ब्लेडांसकट. त्याला आता दोन महिने झाले. मुलगा रोज वर्गात असतो, मी विचारलेले नाही.